मुक्ताचा वेग

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं — परवापर्यंत. नवऱ्यालाही नाही. सांगणार तरी कसं? ऑटिझम असलेल्या मुलीला एवढं शिकवलं म्हणून भोपाळच्या आमच्या मराठी मंडळात माझं कौतुक होतं, आणि मी ते मान खाली घालून ऐकून घेते.

मुक्ता तेव्हा आठवीत होती. शाळेने तिची चाचणी करून आणायला सांगितलं. कागदावर वर आकडे, प्रत्येक आकड्याची एक खूण. खाली नुसते आकडे — त्यांच्यापुढे वेळ संपेपर्यंत खुणा भरत जायच्या. मुक्ताने एकही चुकवली नाही. पण दोन ओळींतच वेळ संपला. लक्ष उत्तम आहे, वेग फार कमी आहे, परीक्षेत तिला जादा वेळ मिळायला हवा — असं तपासणाऱ्या बाईंनी समजावून सांगितलं.

मला एवढंच ऐकू आलं — वेग कमी.

मग मी काय केलं? त्या खुणा माझ्या डोक्यात बसल्या होत्या. रोज दुपारी, नवरा गोविंदपुऱ्याला कारखान्यात असताना, मी तिच्याकडून त्याच खुणा घोटून घेतल्या. हातात मोबाइल, तोंडाने 'चल, चल'. ती कानांवर हात ठेवायची — मी ते हात खाली ओढायचे. काही महिन्यांनी तिला दुसरीकडे नेलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "इससे पहले कहीं टेस्ट हुआ है?"

"नहीं," मी म्हणाले. "पहली बार है."

कागद तोच, खुणा त्याच. वेग सर्वसाधारण आला. जादा वेळेची गरज नाही, असं ठरलं. शाळेत मी तोच रिपोर्ट दिला.

दहावीला मुक्ताचे सगळे पेपर अर्धे राहिले. लिहिलं तेवढं अचूक, पण अर्धंच. काठावर पास झाली. माझा वेग ठीक आहे ना, मग मी आळशीच असणार, असं ती मला म्हणाली. पुढे कितीतरी वर्षं ती स्वतःला आळशी म्हणत राहिली, आणि मी — मी ऐकत राहिले.

यंदा तिने मला न विचारता हबीबगंजजवळच्या एका दवाखान्यात स्वतःच वेळ घेतली. नवी चाचणी, नव्या खुणा. वेग कमी, चूक एकही नाही. तो रिपोर्ट घेऊन ती एकटी कॉलेजच्या प्राचार्यांसमोर बसली आणि जादा वेळ मिळवून आली. संख्याशास्त्राचा पेपर तिने शेवटच्या प्रश्नापर्यंत लिहिला — आयुष्यात पहिल्यांदा. परवा निकाल लागला. वर्गात पहिली आली माझी मुलगी! नवरा मिठाई घेऊन आला, मावाबाटी. शेजारच्यांनी अभिनंदन केलं — माझं.

शेजारी गेल्यावर, नवरा गॅलरीत बसलेला असताना, मी तिला सगळं सांगितलं.

तिला वेळ लागतो. मी घाई केली नाही — बहुधा प्रथमच.

"म्हणजे दहावीतही मी आळशी नव्हते," ती म्हणाली.

"नव्हतीस."

तिचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता. "बाबांना सांगते," म्हणत ती उठली आणि गॅलरीत गेली. तिथून तिचा आवाज येत होता, मोठा, हसरा — पहिली चाचणी, दुपारच्या खुणा, माझं खोटं, सगळं ओळीने, काही न गाळता.

मी तिला थांबवलं नाही.