गुरुवारचे क्रेट

बेळगावात, उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या मागं आमच्या कंपनीचं भाजीचं पॅकिंग चालतं. गोव्याच्या मोठ्या दुकानांना आम्ही भाजी पुरवतो. त्यांना गाजर सरळ लागतं, टोमॅटो एका मापाचा. बाकीची वाकडीतिकडी, खायला चांगली पण दिसायला गबाळी भाजी दर गुरुवारी इथल्याच अन्न बँकेला, गरिबांत वाटायला, फुकट जाते. निवडणाऱ्या बायकांवर मी सुपरवायझर. म्हणजे माल बघून गाडीच्या चिठ्ठीवर सही करायची आणि काही बिघडलं की शिव्या खायच्या.

एका शुक्रवारी गोव्याहून अख्खी गाडी परत आली. आत सगळी वाकडी गाजरं. सरळ गाजरं कुठं गेली हे शोधायला फार डोकं लागलं नाही, कारण त्याच सकाळी अन्न बँकेचा आभाराचा मेसेज आलेला: इतकी देखणी भाजी आजवर कुणी दिली नव्हती. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, निवडायला कोण होतं?

आक्का होती. निपाणीकडच्या नदीकाठच्या गावची, साठीला आलेली, आमच्यात सगळ्यात जुनी. साहेब म्हणाले, सोमवारपासून ती नको. तिच्या एकटीच्या पगारावर तिचं घर चालतं हे मला ठाऊक होतं. न बघता चिठ्ठीवर सही कुणी केली, तेही ठाऊक होतं. मी तणतणत तिच्याकडं गेलो. तिनं काही नाकारलं नाही. यात चूक आहे असंच तिला वाटत नव्हतं.

"दान म्हटल्यावर चांगलं बघून द्यायचं न्हाय व्हय?" ती म्हणाली.

पुरात गाव बुडालं तेव्हा ती शाळेत राहिलेली. तिथं बटाट्यांची गाडी आली, निम्मे नासके. वाटणाऱ्यांनी फोटो काढले आणि विचारलं, बरे आहेत ना? चारचौघांत तिनं मान हलवली, बरं हाय म्हणाली. हे सांगताना तिचे हात गाजरं निवडतच होते. माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक. मला लाज वाटली.

वाकडं म्हणजे नासकं नव्हे, हे तिला पटवण्यात माझी सगळी दुपार गेली. शेवटी ती एका अटीवर तयार झाली. गुरुवारी दर क्रेटमधला एक नग, तिनं उचललेला, मी तिच्यासमोर खायचा. मगच गाडी सुटणार. साहेबांना मी सांगितलं, सही माझी आहे, काढायचं तर दोघांना काढा. सोमवारपर्यंत दोन माणसं कुठून आणणार? त्यांनी हजेरीत दोघांची नावं तशीच ठेवली.

तेव्हापासून दर गुरुवारी मी कच्ची भाजी खातो. गाजर, काकडी, मुळा ठीक आहे. कच्चं वांगं ही माणसानं खायची वस्तू नव्हे. त्या वेळी बायका काम थांबवून बघतात.

गेल्या गुरुवारी आक्कानं टोमॅटो दिला. वरून लालबुंद, आत आंबलेला. गाडीला उशीर झालेला, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. मी तो गिळला आणि म्हणालो, "बरं हाय."

आक्का माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"म्याबी असंच म्हटलं हुतं," ती म्हणाली.

मी ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितलं आणि तो क्रेट जमिनीवर ओतला.