शिक्षा भोगून आलेला भाडेकरू

चाकणकडचे कोणी भेटायला आले आणि बोलणे जुन्या नोकरीवर गेले, की बाकीचे तपास मागे पडतात आणि हे एकच प्रकरण पुढे येते. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी ते तसेच ताजे आहे. कोणाचेही नाव मी इथे देणार नाही. ती मुलगी आता मोठी झाली असेल.

मी तेव्हा औद्योगिक पट्ट्यातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होते. हद्दीत कंपन्या, कंपन्यांच्या मागे गावे आणि गावांच्या कडेला चाळी. जमिनी कंपन्यांना गेल्यावर उरलेल्या गुंठ्यांवर गावकऱ्यांनी खोल्या बांधल्या आणि बाहेरून कामाला आलेल्यांना भाड्याने दिल्या. आईबाप शिफ्टला गेले की मुले शेजाऱ्यांच्या भरवशावर.

सकाळची हजेरी संपली होती. लातूरकडची एक बाई सहावीतल्या मुलीला घेऊन आली. नवरा अपघातात गेलेला, ती गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कामाला. शाळा सुटल्यावर मुलगी घरी जायला तयार नसते, वर्गातच बसून राहते, असे शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून सांगितले होते. आईने खोदून विचारले तेव्हा मुलगी रडली. कोणीतरी बरेच दिवस तिच्यावर अत्याचार करत होते. कोण, ते ती सांगत नव्हती.

दोघींना चाळीचा मालक स्वतःच्या गाडीतून घेऊन आला होता. पन्नाशीचा, पांढराशुभ्र पोशाख, गावात मान असलेला माणूस. मी मुलीशी बोलू लागले की तोच उत्तर द्यायचा.

"मॅडम, आमी साधी माणसं. पोरगी आमच्या घरातलीच म्हणा की. शेवटच्या खोलीत एक जण ऱ्हातो, त्याला आधी उचला. बाईच्या केसमधी शिक्षा भोगून आलेला हाय त्यो."

त्याने मोबाइल पुढे केला. वर्तमानपत्रातल्या जुन्या बातमीचा फोटो होता आणि तो त्याच सकाळी चाळीच्या मोबाइल ग्रुपवर सगळ्यांना गेलेला होता.

बातमी खरी होती. आम्हालाही ती माहीत होती. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांची देशभराची संगणकीय नोंद पोलिसांकडे असते. ती फक्त पोलिसांनाच बघता येते. असा माणूस हद्दीत राहायला आल्याचे कळले की त्या भागाच्या बीटचा हवालदार अधूनमधून फेरी मारतो, कामावर जातो का बघतो, आणि शेजारीपाजारी कुठे वाच्यता करत नाही.

फोटो बघून मला नवल वाटले नाही, हे आईच्या लक्षात आले. "तुमाला ठाऊक होतं?"

"हो."

"मग आमाला का सांगितलं नाही? माझी लेक एकटी ऱ्हाती तिथं."

कायदा तसा आहे, असे मी म्हणाले. खरे होते ते. पण तिच्यासमोर ते बोलताना मला माझाच आवाज परका वाटला.

आम्ही चाळीत पोहोचलो तेव्हा माणसे जमलेली होती. त्या भाडेकरूचा शर्ट फाटला होता, कपाळातून रक्त येत होते. गोदामात माल चढवणारा साठीकडे झुकलेला माणूस. हात जोडून भिंतीला टेकला होता. गर्दीतून त्याला बाहेर काढून गाडीत घालताना आमच्या दोन शिपायांनाही मार बसला.

दवाखान्यातून मलमपट्टी करून त्याला ठाण्यात आणले. "मी नाही केलं," एवढे एकदा म्हणाला आणि गप्प बसला. नाहक अडकलेला माणूस सहसा फार बोलतो, तेच तेच दहा वेळा सांगतो, शपथा घेतो. हा जमिनीकडे बघत बसला होता. माझ्या हाताखालच्या लोकांना ती कबुलीच वाटत होती.

"मॅडम, एवढं सरळ आहे," हवालदार म्हणाले. "मागचा गुन्हा आहे, लोक बोट दाखवतायत. अटक दाखवून टाकू."

मला मुलीचा जबाब हवा होता. अशा प्रकरणात महिला अधिकाऱ्याने साध्या कपड्यांत, मुलाला जिथे बरे वाटेल तिथे जाऊन बोलायचे असते. आईने तिला पिंपळे गुरवला मावशीकडे नेऊन ठेवले होते. दुसऱ्या दिवशी साडी नेसून मी तिथे गेले.

मावशी भाजी निवडत होती. मीही मेथीची एक जुडी ओढून घेतली. मुलगी जवळ बसली, पाने खुडू लागली. मी तिला काही विचारले नाही. शाळेचे, मावशीच्या घराचे बोलत राहिले. बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "मी नाव सांगितलं तर आमची खोली जाईल का?"

मावशीचे हात थांबले.

"खोली जाईल असं कोण म्हणालं?" मी विचारले.

"आईला दुसरी खोली कोण देणार, असं म्हणतात ते."

त्यानंतर तिने सगळे सांगितले. चाळीच्या गच्चीवर मालकाची एक खोली होती, सामान ठेवायची. आई दुसऱ्या शिफ्टला गेली की तो तिला काहीतरी आणायला वर पाठवायचा. ती सांगत होती आणि मेथी निवडत होती. जुडी संपली तरी तिची बोटे काड्या मोडत राहिली.

मी ठाण्यात परतले आणि भाडेकरूला विचारले, "गच्चीवरची खोली कोणाची?"

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. मग चेहरा झाकून रडला. त्याने मुलीला तिथून रडत खाली येताना पाहिले होते. एकदाच नव्हे, बऱ्याचदा.

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? मालकाला माझं सगळं माहीत होतं. खोली देतानाच म्हणाला होता, गप राहशील तर इथं राहशील. आणि माझ्या तोंडून निघालं असतं तर पहिलं मलाच धरलं असतं. बघा ना, न बोलताही धरलं."

त्याच दिवशी मालकाला अटक केली. गच्चीवरच्या खोलीचा पंचनामा झाला, मुलीचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवला गेला, वैद्यकीय पुरावा जुळला. गावातून दडपण आले. आदल्या दिवशी दगड घेऊन उभी असलेली माणसे आता ठाण्यात येऊन सांगत होती, "मॅडम, घराणं मोठं हाय, काहीतरी गैरसमज झाला असल." आईने तक्रार मागे घेतली नाही. खोली मात्र दोघींना सोडावी लागली.

राजगुरुनगरच्या न्यायालयात भाडेकरू साक्षीला उभा राहिला. आरोपीच्या वकिलांनी त्याला भर कोर्टात विचारले, तुम्हाला स्वतःला बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे हे खरे काय? "खरं आहे," तो म्हणाला. "मी गुन्हा केला होता." मग त्याने जे पाहिले होते ते सांगितले, आणि उलटतपासात त्यातला एकही शब्द बदलला नाही. गोदामातले काम त्या आठवड्यात गेले.

मालकाला शिक्षा झाली. आता त्याचेही नाव पोलिसांच्या नोंदीत आहे.

मी कुठे भाषणाला गेले की लोक विचारतात, परदेशात अशी नोंद इंटरनेटवर असते, खेड्यातल्या माणसालाही शेजाऱ्याचे नाव, फोटो, पत्ता बघता येतो, मग आपल्याकडे का नको? मुलींच्या आया विचारतात तेव्हा त्यांना उडवून लावणे मला जमत नाही. जाणून घ्यायचा त्यांचा हक्क मला कळतो. मी एवढेच सांगते की त्या चाळीत फोटो सगळ्यांच्या हातात होता. सगळे शेवटच्या खोलीवर धावून गेले, गच्चीकडे कोणी बघितले नाही.

निकालाच्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात उभी होते. आई बाहेर आली. तो भाडेकरू झाडाखाली थांबला होता. तिला बघून त्याने हात जोडले. ती पुढे निघून गेली, मग थांबली आणि परत आली.

"तुमी तवाच बोलला असता तर," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली. ती वळली आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागली. पुढे तो कोणत्या गावाला गेला ते मला कळले नाही.

ज्याच्या शब्दाला कोणी किंमत देत नाही, तो माणूस ठाण्याची पायरी चढत नाही. त्याने काय पाहिले हे आपणच जाऊन विचारावे लागते. त्यानंतरच्या नोकरीत, नव्या चाळीत फेरीला गेले की मी अशा माणसाच्या दारात आधी बसायचे, पाणी मागायचे, बोलते करायचे. दोनतीनदा त्याचा उपयोगही झाला. त्या मुलीला झाला नाही.