मिस व्हर्लिनचं स्वयंपाकघर

टेक्सासातल्या आमच्या गावच्या विद्यापीठात एका माजी राष्ट्राध्यक्षांचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. त्यांच्या कचेरीची हुबेहूब नक्कल तिथे मांडलीय. लोक त्यांच्या टेबलामागे बसून फोटो काढून घेतात. नेमक्या त्याच जागी मिस व्हर्लिन टब्जच्या आईची शेगडी होती. सगळी गल्लीच आम्हा काळ्या लोकांची. विद्यापीठाने ती उठवली तेव्हा व्हर्लिन शाळेत होती. आता म्हातारी झाली, आणि त्याच संग्रहालयात बिनपगारी वाटाड्या.

"ज्यांनी घर पाडलं, त्यांच्याच दारात राबतेस? लाज नाही वाटत?" मी एकदा तिला टोचलं.

"दारात नाही गं बाई, माझ्या घरात. घरी पाहुणे येतात, मग यजमानीण नको?"

टेबलाची, झेंड्यांची सगळी माहिती ती चोख सांगायची आणि शेवटी म्हणायची, "तुम्ही उभे आहात ना, तिथे माझी आई मक्याचा पाव भाजायची." मग लोक प्रश्न विचारायचे. नेमकं हेच नवे संचालक मिस्टर हॅलोरन यांना खुपलं.

"मिस व्हर्लिन, वाटाड्यांनी ठरलेलंच बोलायचं. त्यात तुमचं स्वयंपाकघर येत नाही."

"तुमची कचेरी माझ्या स्वयंपाकघरात आली, तेव्हा मला कोणी विचारलं होतं?"

"पाहुण्यांनी काय बोलावं ते मी ठरवू शकत नाही. पण वाटाड्यांनी नियम पाळायचे."

तिने छातीवरचा बिल्ला काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "मग आजपासून मी पाहुणी."

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या चर्चमध्ये दार सांभाळणाऱ्या आम्ही आठजणी. व्हर्लिन आमची मुकादम. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे. प्रार्थना सुरू झाली की आम्ही हात वर करतो. हात खाली येईपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. उशिरा आलेला पाळकाचा जावई असला तरी तो दाराबाहेर!

शनिवारी आम्ही आठही जणी तशाच नटून संग्रहालयात गेलो. नकली कचेरीत फोटोसाठी ही गर्दी. व्हर्लिन टेबलापुढे उभी राहिली आणि तिने हात वर केला. दोन्ही दारांत आमचे हात वर गेले. गर्दीतले निम्मे लोक चर्चला जाणारे. त्यांच्या टोप्या आपोआप उतरल्या. टेबलामागे बसलेला गृहस्थसुद्धा उठून उभा राहिला.

व्हर्लिनने आईची जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. मग गल्लीतल्या एकेका घराचं नाव घेतलं. माझ्या आजीचं नाव आलं तेव्हाही मी हात खाली येऊ दिला नाही.

तेवढ्यात मिस्टर हॅलोरन धावत आले. मी त्यांच्या छातीपुढे हातमोज्यातला हात आडवा धरला.

"काय चाललंय हे?"

"प्रार्थना."

लहानपणी त्यांनाही कोणीतरी चर्चच्या दारात असंच थोपवलं असणार. ते जागीच थांबले.

"आमेन," व्हर्लिन म्हणाली आणि तिने हात खाली घेतला. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मग ती दाराकडे वळली.

"या ना मिस्टर हॅलोरन, आत या. पण पाय पुसून हं. आईला तिच्या स्वयंपाकघरात माती चालायची नाही."

सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मान खाली घातली, आणि उंबऱ्याशी दोन्ही बूट नीट पुसले.