मागचे चार डबे

प्रल्हादरावांनी एकतीस वर्षं विट्याच्या एसटी स्टँडवरून गाड्या सोडल्या, आणि त्यांतल्या बहुतेक गाड्यांत ते कधी बसले नाहीत. वाहतूक नियंत्रकाच्या जाळीमागून माइकवर त्यांनी जितकी गावं पुकारली, त्यांतली निम्मी त्यांनी पाहिलेलीही नव्हती. शाळा सुटली की त्यांचा मुलगा शिरीष तिथं येऊन बसायचा आणि मुक्कामी गाडी निघाली की विचारायचा, "बाबा, ही जिथं थांबते तिथं काय आहे?" उत्तर ठरलेलं होतं. "मला काय ठाऊक? मी गाड्या सोडतो, बसत नाही."

तो शिरीष आता तोक्योत सॉफ्टवेअरमध्ये होता, ओजिमाच्या सरकारी वसाहतीत अकराव्या मजल्यावर राहत होता, आणि बहात्तर वर्षांचे प्रल्हादराव दरवर्षी तीन महिने त्याच्याकडे येत. बाकीच्या घरांतले आईवडील देवळं, फुलं, मॉल बघत. प्रल्हादराव वेळापत्रकं बघत. सकाळी डबा घ्यायचा, तिकिटाचं कार्ड मशीनला टेकवायचं आणि कुठल्या तरी गाडीनं कुठं तरी जायचं. गाडी सुटताना गार्ड पांढऱ्या हातमोज्यातलं बोट रोखून मोठ्यानं स्वतःलाच सांगतो, सिग्नल ठीक, दारं ठीक. ते पाहायला प्रल्हादराव तीन-तीन गाड्या सोडून देत. त्यांच्या मते जपानात पाहण्यासारखं याहून दुसरं काही नव्हतं.

पण गेल्या वर्षी एदोगावा नावाच्या भागात ते चार तास सापडले नाहीत आणि शिरीषला पोलीस चौकी गाठावी लागली. यंदा त्यानं विमानतळावरच अट घातली. संध्याकाळी वसाहतीतल्या भोंग्यावर मुलांनी घरी जावं म्हणून धून वाजते, ती वाजायच्या आत घरात. एकदा जरी चुकलं तरी कार्ड परत, आणि एकट्यानं फिरणं बंद.

"मी काय आठ वर्षांचा आहे?" प्रल्हादराव म्हणाले.

"आठ वर्षांची चैत्राली एकटी शाळेत जाते आणि वेळेवर येते, बाबा."

यावर नातीनं मान डोलावली. प्रल्हादरावांनी अट मान्य केली, कारण कार्ड गेलं तर तीनही महिने अकराव्या मजल्यावरून खालच्या सायकली मोजत काढावे लागले असते.

त्या बुधवारी त्यांना चिबाच्या बाजूचं एक मोठं देऊळ पाहायचं होतं. म्हणजे देवळाचं निमित्त होतं, नवी गाडी पाहायची होती. फलाटावर ते आधी थेट इंजिनाच्या बाजूला गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पुढची पाटी वाचल्याशिवाय एसटीचा माणूस गाडीत पाय ठेवत नाही. पाटी इंग्रजीतही होती, आणि बरोबर होती. मग ते निवांत चालत मागं आले, कारण मागचे डबे रिकामे होते, आणि खिडकी पकडून बसले.

एका जंक्शनवर गाडी पाच मिनिटं उभी राहिली. बारीक हिसका बसला. खिडकीतून प्रल्हादरावांना आपल्याच गाडीचं पुढचं अर्धं अंग सरळ निघून जाताना दिसलं, आणि थोड्या वेळानं त्यांचे चार डबे उजवीकडे वळले. एका गाडीला दोन पाट्या असतात आणि ती वाटेत दुभंगते, हे जन्मभर पाट्या लावलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं! समोरच्या बाईनं त्यांचा चेहरा पाहून काळजीनं काही विचारलं. प्रल्हादराव हसत होते. आपण रीतसर, पाटी वाचून चुकलो याची त्यांना मोठी गंमत वाटत होती.

पुढच्या स्टेशनवर ते उतरले. तिथं ना मास्तर ना तिकीट तपासनीस. एक बाकडं, त्यावर कुणी तरी हातानं शिवलेल्या उशा, आणि बाहेर रस्त्यावर बसचा खांब. खांबाला वेळापत्रक टांगलेलं होतं. फोनमध्ये पाहता आलं असतं, पण समोर वेळापत्रक असताना फोन काढणं त्यांना कमीपणाचं वाटलं. अक्षर एक कळत नव्हतं, तरी डावीकडे तास, पुढं मिनिटं, एक रकाना कामाच्या दिवसांचा, एक सुट्टीचा, हे त्यांनी सहज लावलं. बस दहा मिनिटांत होती. रस्त्यापलीकडच्या खांबावर परतीची वेळ होती, ती अडीच तासांनी. आणि घराकडे नेणारी गाडी पंधरा मिनिटांत येणार होती. ती पकडली तर धून वाजायच्या कितीतरी आधी ते घरी पोचले असते.

ते दोन्हींच्या मधे उभे राहिले. कार्डाचा विचार आला, हे खोटं नाही. पण लांबून बस येताना दिसली. छोटी, हिरवी, कपाळावर पाटी. शेवटचा थांबा कुठला ते त्यांना वाचता येत नव्हतं. अशीच एक मुक्कामी गाडी ते रोज सोडत आले होते.

त्यांनी सुनेला फोन लावला. सुलेखा एका पाळणाघरात अर्धवेळ काम करायची.

"नियंत्रण कक्षातून बोलतोय," प्रल्हादराव म्हणाले. "ओजिमाला येणारी गाडी आज उशिरा धावते आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

"बाबा! कुठे आहात तुम्ही?"

"हरवलेलो नाही. आपणहून जातोय."

"शिरीष काय करेल, माहितीये ना?"

"माहितीये."

पलीकडे एक मूल रडत होतं. सुलेखा म्हणाली, "डबा खाल्लात का?"

बसमध्ये ते पहिल्या सीटवर बसले. वाटेत दोन म्हाताऱ्या चढल्या आणि उतरल्या, एकीच्या पिशवीतून कांद्याची हिरवी पात बाहेर आली होती. चालक प्रत्येक वळणावर बोट रोखून स्वतःशी बोलायचा आणि प्रल्हादराव मागून हळूच मान हलवायचे. शेवटी बस थांबली. चालकानं वळून पाहिलं, इथं उतरण्यासारखं काही नाही हो, असं काहीसं तो म्हणाला असावा. प्रल्हादराव उतरले. त्याच बसनं परत निघताना चालकानं उजवीकडे, डावीकडे बोट दाखवलं, तशी त्यांनी सीटजवळच्या दांड्यावर अंगठीनं दोनदा ठोकलं, ठण ठण, कंडक्टर घंटी देतो तशी. चालकाला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं आरशात बघून टोपीला हात लावला.

घरी पोचेतो आठ वाजले. "ओसोई!" चैत्राली दारातच ओरडली. उशीर झाला, हे सांगायला तिला मराठी सुचत नसे. प्रल्हादरावांनी बूट काढले आणि कार्ड स्वतःहून शिरीषपुढं ठेवलं. त्यानं ते उचललं आणि खिशात टाकलं. प्रल्हादरावांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण नियम तो नियम. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना हेच सांगितलं होतं.

जेवणं झाली. सुलेखा प्लास्टिकचा आणि कागदाचा कचरा वेगळा करत होती. शिरीष बराच वेळ ताटात बोट फिरवत बसला होता.

"बाबा," तो म्हणाला, "तिथं काय होतं?"

"कुठं?"

"शेवटच्या थांब्यावर."

प्रल्हादरावांनी मुलाकडे पाहिलं. चाळिशी उलटली होती, कानामागं केस पांढरे झाले होते.

"काही नाही रे," ते म्हणाले. "बस वळवायला गोल जागा. एक नळ. चालकानं तिथं तोंड धुतलं. पलीकडे उतार, आणि उताराखाली समुद्र. एक माणूस दोरीवर मासे वाळत घालत होता, त्यानं मला एक धरायला दिला. वास येतोय का बघ अजून."

त्यांनी हात पुढं केला. शिरीषनं खरंच वास घेतला. मग खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं, आणि शेजारी स्वतःचं.

"शनिवारी किती वाजता आहे ती बस?"

"शनिवारी रकाना वेगळा. नऊ चाळीस," प्रल्हादराव म्हणाले. "पण मागच्या चार डब्यांत बसायचं, बरं का. पुढं बसलास तर देवळात जाशील."