टायरचा धूर

बाळंतिणीला वारा लागला की जन्मभर कंबर धरते, असं आई म्हणायची. म्हणून भवानी पेठेतल्या आमच्या खोलीची एकुलती एक खिडकी तिनं गोधडी ठोकून बंद केली, दाराखाली चिंध्या कोंबल्या. वारा काही आला नाही. धूर आला.

शेजारी सूत रंगवायची भट्टी होती. त्र्याहत्तरच्या दुष्काळात जळण मिळेना, म्हणून रंगाऱ्यानं जुने टायर पेटवायला घेतले होते. त्याच्या धुराड्याचं तोंड आमच्या घराकडं. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून धूर आत शिरायचा आणि आतच बसायचा, कारण बाहेर जायला आईनं वाट ठेवलीच नव्हती. वर तिची ओव्याची धुरी. आतल्या दोरीवरची दुपटी काळी पडायची. सकाळी बाळाच्या नाकातून मी काजळी पुसायची.

"खिडकी उघड की गं," मी म्हणायची.

"उघडून काय, भट्टी घरात घेतीस व्हय?" आई म्हणायची. तिचंही खरंच होतं, त्यानं मला आणखी चीड यायची.

बारशाच्या आदल्या दुपारी बाळ दूध ओढता ओढता थांबलं. ओठ निळे पडले. मी त्याला आईच्या हातात कोंबलं, तिला अंगणात पिटाळलं आणि मुसळ घेऊन बाहेर पडले. कानाला फडकं बांधलेलं तसंच. पहिल्या घावात धुराडं वाकलं, दुसऱ्यात उखडलं. तिसरा उगीच घातला. बरं वाटलं.

रंगाऱ्याच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. तिनं धावत येऊन माझी वेणी धरली. मी तिच्या दंडाला चावले, रक्त येईपर्यंत. दोघी गटारीत पडलो. तेवढ्यात तिच्या घरातून तिच्या लेकीचा खोकला ऐकू आला. धुराडं तुटल्यावर धूर उलटा त्यांच्याच खोलीत भरला होता. अक्कानं मला सोडलं आणि पोरीला ओढून बाहेर आणलं.

"आता कळलं का, तोंड तुमच्याकडं का वळवलं?" ती म्हणाली. "ही मरत होती की."

माझा राग होता तसाच होता, फक्त काढायचा कुणावर ते कळेना. तोवर रंगारी सळई घेऊन आला. "टायर विझवा," अक्का त्याला म्हणाली. त्यानं तिच्या थोबाडीत मारली. तिनं गटारीतलं माझं मुसळ उचललं, मला वाटलं आता माझं डोकं फुटतंय. तिनं त्यानं भट्टीवरचा हंडा रेटून आडवा केला. उकळतं लाल पाणी आगीवर पडलं, त्याच्या पायावर पडलं. तो गुरासारखा ओरडला. आम्हा दोघींपैकी कुणी त्याच्याकडं गेलं नाही.

संध्याकाळी बाळ पुन्हा दूध ओढायला लागलं, तेव्हा आईनं आपल्या हातानं खिळे उपटून गोधडी काढली. कंबरेचं नाव घेतलं नाही.

बारशाला अक्का आली. गाल सुजलेला, दंडावर माझे दात. तिनं पांढऱ्या फडक्याचं टोक बाळाच्या नाकात हळूच फिरवलं आणि माझ्यापुढं धरलं. टोक पांढरंच होतं.