चौथ्या खुर्चीवर कोण

"आप्पा, रविवारी दुपारी तुमी आन् आई बेळगावला या. भाईर जेवायला जाऊया," असा लेकीचा फोन आला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या घरात हॉटेलात जेवायला कारण लागतं. दवाखाना, कोर्ट, नाहीतर चुकलेली एस.टी. यातलं काहीच नव्हतं.

खानापूरच्या कचेरीत मी जन्मभर कारकुनी केली आणि सुट्टीच्या दिवशी भातशेती. उगाच कुणी काही देत नाही, एवढं दोन्हीकडं शिकलो. लेक बेळगावात नोकरी करते, खोली घेऊन एकटी राहते. मी आणलेली तीन स्थळं तिनं परतवली होती.

"कोणतरी असणार," मी बसमध्ये बायकोला म्हणालो. "जेवणाच्या निमित्तानं आपल्या म्होरं आणून बसवणार."

"तुमाला बघंल तिकडं त्येच दिसतंय," असं म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली. तिचं ते बाहेर बघणंही मला खरं वाटेना.

हॉटेल भलतंच भारी निघालं. दारात पितळी घंगाळात फुलं तरंगत होती आणि आत भर दुपारी अंधार. ताटातलं नीट दिसू नये इतका मंद उजेड ज्यांनी ठेवलाय, त्यांना काहीतरी लपवायचं असणारच, असं माझं मत झालं. टेबलावर चार ताटल्या मांडलेल्या, भोवती चार खुर्च्या. आम्ही तर तिघंच. मी बायकोला कोपरानं ढोसलं.

मग माझं जेवणात लक्ष कसलं लागतंय! दारातून आत येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचं मी पायापासून डोक्यापर्यंत माप घेत होतो. निळ्या शर्टातला एकजण दारात थांबून इकडंतिकडं बघायला लागला. हाच तो, म्हणून मी ताठ बसलो, सदऱ्याची गुंडी लावली. तो सरळ पलीकडच्या टेबलावर बायकोपोरांत जाऊन बसला.

तळहाताएवढ्या भाकऱ्या आल्या, औषधाच्या मापानं सोलकढी आली. भात वाढताना वेटर म्हणाला, "खानापूर भागातला खास तांदूळ आहे सर." मी एक शीत बोटावर घेऊन चिरडलं, हुंगलं.

"एवढा लांब दाणा आमच्या शिवारात पिकत न्हाय," मी म्हणालो.

"आप्पा, जेवा की गप," लेक म्हणाली. ती स्वतः मात्र नुसती चिवडत होती. दोनदा तिनं मोबाईल बघितला, दोनदा मी दाराकडं बघितलं.

शेवटी न विचारता तिनं कुंदा मागवला. काचेच्या तीन वाट्या आल्या. आमच्याकडं सोयरिकीच्या बोलण्यात चहापाणी कुणाचंही घ्यावं, पण गोडाला हात लावला की होकार झाला असं धरतात. माझे वडील गुंजी गावच्या एका घरातून शिऱ्याची बशी तशीच ठेवून उठून आले होते आणि ती सोयरीक तिथंच मोडली होती. मी वाटी पुढं सरकवली.

"मला नगं."

"का? कुंदा तर तुमाला लई आवडतोय की."

"ज्याला बोलावलंयस त्याला येऊ दे आधी. माणूस बघतो, मग गोडाचं बघू."

"कुणाला बोलावलंय?"

मी रिकाम्या खुर्चीकडं बोट केलं. तेवढ्यात वेटरच पुढं आला, चौथी ताटली उचलत म्हणाला, "सॉरी सर, आधीच काढायला हवी होती. आमची सगळी टेबलं चौघांचीच असतात."

मला हसू फुटलं. छातीवरचा धोंडाच उतरला म्हणा. मी वाटी परत ओढायला गेलो, तर लेकीनं तिच्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे आप्पा." तिचे डोळे भरले होते. "आज कोणच येणार न्हवतं. तुमा दोघांनाच सांगायचं होतं. आधी तुमचं तोंड गोड करावं, मग त्याचं नाव सांगावं, असं ठरवलंतं."

"मग सांग की गं आता."

"नगं. माणूस बघायच्या आधीच तुमी वाटी सारलासा."

परतीच्या बसमध्ये बायको माझ्या शेजारची जागा सोडून पुढच्या बाकावर जाऊन बसली.

याला वर्ष होत आलं. लेक सणावारी येते, पिकाची चौकशी करते, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणते. तो विषय काढायचा म्हणून मी तोंड उघडतो आणि पावसापाण्याचंच बोलतो. लेकीसाठी बेळगावला फराळ पाठवताना बायको हल्ली दोन डबे भरते. दुसरा कुणाचा, हे तिला माहीत आहे. मला विचारायची लाज वाटते.