तीन फूट सरकलेली गल्ली

वडील गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि धाकटा भाऊ पुण्याला परतला. जाताना म्हणाला, "ताई, घर विकून टाकू. तू माझ्याकडंच ये." मी हो म्हणाले. मला खरंच जायचं होतं. दोन वर्षं वडलांचं आजारपण केलं होतं. या घरातल्या कुठल्याच खोलीत आता बसवत नाही.

गिऱ्हाईकही मिळालं. त्याची एकच अट, आधी सरकारी मोजणी. अर्जावर भावाची सही होऊन आली. माझी राहिली.

परभणीतली आमची ही गल्ली एका ज्वारीच्या रानात बसली. रानाचे प्लॉट पडले तेव्हा पहिलं घर वडलांनी बांधलं. ते कचेरीत कारकून होते, पण मूळचे ताडकळसकडच्या एका खेड्यातले. त्यांच्या वडलांचा जन्म दुसऱ्याच्या बांधावर राबण्यात गेला होता. पाया आखायला गेले तेव्हा त्यांना दोन दगड दिसले. एक नवा, पांढरा रंग दिलेला, लहानसा. दुसरा त्याच्या तीन फूट पुढं, शेजारच्या प्लॉटाच्या अंगाला, काळ्या मातीत अर्धा रुतलेला, जुना. वडलांनी जुन्यावर विश्वास ठेवला. तो नुसता रानातला बांधाचा दगड होता. प्लॉटची खूण पांढरा दगड होता.

पुढं जो जो आला त्यानं आमच्या भिंतीपासून टेप धरला. शिक्षक आले, बँकेतले आले, रेल्वेतले आले. पाण्याच्या टँकरमागं धावणारी गल्ली बोअरवर आली, मग नळावर. पत्र्यांचे स्लॅब झाले, स्लॅबवर मजले चढले. खालच्या खोल्यांत शिकवण्या सुरू झाल्या. सगळी गल्ली तीन फूट सरकून वाढली आणि कुणाला कळलंही नाही. नाली खोदताना नकाशा घेऊन आलेल्या माणसानं ते वडलांना दाखवलं. वडलांनी ते मला सांगितलं शेवटच्या आजारात, भिंतीकडं तोंड करून.

आमचं मोजलं की शेजाऱ्याचं निघणार, त्याचं निघालं की पुढच्याचं. बाकीच्यांचं आपसात भागेल. शेवटचं घर काकूंचं. त्यांच्यापुढं आडवा रस्ता आहे, आणि त्यांचं स्वयंपाकघर त्या रस्त्यात जातं, म्हणजे मोजलं की पाडणार. काका गेल्यापासून त्या एकट्याच असतात. मेसचे डबे करतात, त्यावरच त्यांचं घर चालतं.

मी त्यांना सांगायला गेले. त्या भाकरी थापत होत्या.

"काकू, घर विकायचं म्हणतोय भाऊ. मोजणी होईल."

"होऊ दे की."

"तुमचं स्वयंपाकघर..."

"रस्त्यात हाय. ठाऊक हाय मला." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "नालीच्या वक्ताला तुझा बाप आला होता आमच्या ह्यांच्याकडं. माफ करा म्हणला. हे म्हणले, अवो, आमचा सैपाक रस्त्यावर व्हायलाय म्हणून तर गल्लीला वास यायलाय. लय हसले दोघं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? तुझ्या बापानं मुद्दाम केलं का? तू जा माय, पुण्याला जा. वाळून गेलीस पार. माझं मी बघंन."

त्यांनी दोन भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. मी घरी येऊन अर्ज पुन्हा वाचला. सही करून मी मोकळी होऊ शकत होते; तसं त्यांनीच सांगितलं होतं. पण वडलांची चूक मला माहीत होती, आणि ती माझ्या सहीनं बाहेर निघून काकूंवर पडणार होती.

भावाला फोन लावला.

"मोजणी नको," मी म्हणाले.

"ताई, मोजणीशिवाय तो घ्यायचा नाही."

"नको घेऊ दे."

"मग तू तिथं एकटी काय करशील?"

"राहीन," म्हणाले, आणि काकूंनी दिलेल्या भाकऱ्यांचं फडकं सोडलं.